वॉरंटीतली सायकल

कंपनीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर बदनामी केली म्हणून त्यांचा फोन येईल, असं माझा भाऊ योगेश म्हणतो. येऊ दे की. गेला महिनाभर मी त्यांच्या फोनचीच तर वाट बघत होते. पण जाऊ द्या. सायकलीची मोठी कंपनी आहे, टीव्हीवर तिची जाहिरात येते. जाहिरातीत एक पोरगी केस मोकळे सोडून डोंगरातून सायकल चालवते. तिची सायकल काही बंद पडत नाही.

मी निलम. वसमत तालुक्यात माळावरच्या आमच्या तांड्यावर राहते. तांड्यापासून डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट आहे. फाट्यावर जीप मिळते, एसटी मिळते, ऑटोही मिळतो. पण फाट्यापर्यंत काहीच मिळत नाही. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत तो चालत जातो आणि वर म्हणतो, "हितंच तर हाय फाटा." माझा डावा पाय लहानपणी तापात गेला. कॅलिपर घालून मी हापशापर्यंत जाते, फार तर पलीकडच्या देवळापर्यंत. फाटा मला दिल्लीएवढा लांब.

सायकल यायच्या आधी योगेशची मोटरसायकल होती. म्हणजे त्याची होती, माझी नव्हती. तो माझ्यापेक्षा धाकटा, पण किल्ली त्याच्या खिशात. "ताई, थांब जरा, चहा पिऊन निघू." चहा झाला की कुणाचा तरी फोन. फोन झाला की, "आता ऊन झालं, उद्या गेलीस तर काय आभाळ कोसळतंय का?" बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक पेपर माझा असाच गेला. महाराज मित्राच्या हळदीला गेले होते, आणि मी हॉलतिकीट हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिले. तो वाईट नाही हो. वर्षभर त्या पेपराची बोलणी त्यानं माझ्याकडून मुकाट खाल्ली. पण दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो.

मग शिवकन्याताईंनी मला कामाला घेतलं. वसमतच्या मोंढ्यासमोर, म्हणजे हळदीच्या बाजारासमोर, त्यांचं ऑनलाइन सेंटर आहे. पोरांचे प्रवेशाचे फॉर्म, जातीचे दाखले, सात-बारा, झेरॉक्स, सगळं तिथं होतं. मला टायपिंग येतं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्या पगारातून मी हप्त्यावर सायकल घेतली, बॅटरीची. नांदेडहून आणली. पायडल मारायचं काम नाही, उजव्या हाताची मूठ पिळली की निघाली. गाडीसारखा आवाज नाही, धूर नाही. बॅटरीला आणि मोटरीला दोन वर्षांची वॉरंटी. विकणाऱ्या भागवतशेठनी ते मला दोनदा सांगितलं, जणू त्यांनीच ती पोटाला चिमटा काढून दिली होती.

पहिल्या दिवशी मी एकटी फाट्यावर गेले आणि नुसती उभी राहिले. रविवार होता, सेंटर बंद होतं, मला कुठंच जायचं नव्हतं. जीपवाल्यानं विचारलं, "बसायचं का ताई?" म्हटलं, "न्हाई, उगंच आले." उगंच आले, हे शब्द माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले असतील.

वाटेत निम्म्यावर एक वळण आहे, तिथं बाभूळ आहे. त्या बाभळीपर्यंत तांड्यावरून माणूस दिसतं, पुढं दिसत नाही. माझी आई तिथपर्यंत बघत उभी राहायची. आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. घरात आम्ही आमच्या गोरमाटी बोलीत बोलतो, तुम्हाला कळावं म्हणून मराठीत सांगते. तर याडी रोज शेवटच्या घरापाशी उभी. वळण गेलं की मी ओढणी गळ्यात सोडून द्यायची आणि मोठमोठ्यानं गाणं म्हणायची. माझा आवाज भयंकर आहे, पण ऐकायला होतं कोण? बाभळीपासून फाट्यापर्यंतचा तेवढा रस्ता माझ्या एकटीचा होता.

याडी माझ्या आधी उठायची. मी बाहेर यायची तेव्हा सायकलीच्या हँडलवर हळद-कुंकवाचं बोट ओढलेलं असायचं आणि एखादं झेंडूचं फूल.

"रोज काय दसरा हाय का?" मी म्हणायची.

"असू दे. तुला काय तकलीफ हाय त्याची?"

मला काय तकलीफ असणार? मी बॅटरी घेऊन बाहेर यायची. ती रात्री घरात चार्जिंगला लावलेली असायची, माझ्या उशाशी. सायकलीच्या सीटखाली तिचा खाचा होता, ओसरीतल्या अंधारातच वरून ठेवली की खट्ट बसायची. किल्ली फिरवली की चालले मी.

आठ महिने चालली. ऐन हळदीच्या दिवसांत, एप्रिलमध्ये, एक दिवस त्याच बाभळीपाशी, वळणाच्या पलीकडं थांबली. मूठ पिळली, काही नाही. किल्ली बंद करून चालू केली, काही नाही. नुसत्या पायडलवर ती म्हशीसारखी जड, एका पायानं हलेना. सकाळचं ऊन चढेपर्यंत मी बाभळीखाली बसले. शेवटी योगेश त्याच्या कामाला निघाला होता तो भेटला. "झालं का कौतुक?" एवढंच म्हणाला. पण नंतर तीच सायकल तांड्यापर्यंत ओढत त्यानंच आणली.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. वॉरंटी होती ना.

कंपनीचा फोन लावला की आधी गाणं वाजतं. मग एक बाई म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा आहे तर उचला की. मग हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी चार दाबा, आणि चार दाबलं की हिंदी बोलणारा पोरगा येतो. तो पिनकोड विचारतो. पिनकोड सांगितला की म्हणतो, "मॅडम, आपके एरिया में सर्व्हिस उपलब्ध नहीं है." म्हटलं, विकताना एरिया उपलब्ध होता का? तो म्हणतो, "मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ." एकालाही समजत नव्हती, पण प्रत्येक जण हेच म्हणत होता. रोज नवा पोरगा, रोज पहिल्यापासून सांगायचं. माझा स्वभाव कसा आहे तो एव्हाना तुम्हाला कळला असेल. मी तिसऱ्या दिवशी ओरडले, तर फोन कट झाला आणि मेसेज आला, आजचा अनुभव कसा वाटला ते तारे देऊन कळवा.

भागवतशेठना फोन केला. ते म्हणाले, "ताई, विकणं माझ्या हातात हाय, दुरुस्ती कंपनीच्या हातात."

"विकतानी तर म्हणालात, आपलं घरचंच दुकान समजा."

"घरचंच समजून राहिलो ना. म्हणून तर फोन उचलला."

कंपनीनं सांगितलं, आधी सायकल चालत नाही याचा व्हिडिओ पाठवा. आता तुम्हीच सांगा, न चालणाऱ्या सायकलीचा व्हिडिओ काढायचा कसा? मी किल्ली फिरवून, मूठ पिळून उभ्या सायकलीचा व्हिडिओ काढला. मागं शेळी हलत होती, सायकल हलत नव्हती. उत्तर आलं, व्हिडिओ स्पष्ट नाही. दुसरा पाठवला. मग सांगितलं, बॅटरी आणि ती जिथं बसते तो खाच्याचा डबा, त्यातल्या सर्किटासकट, डीलरकडून काढून पुण्याला पाठवा. तपासणी होईल. दोष कंपनीचा असेल तर दोन्ही नवीन मिळतील.

योगेशच्या मागं लागून, त्याच्या हातापाया पडून, मी सायकल नांदेडला पोचवली; भागवतशेठनी ते सामान काढून पुण्याला लावलं आणि रिकामी सायकल परत दिली. आणि मग वाट बघत बसले.

ह्या बसण्याबद्दल सांगायला पाहिजे. पहिले चार दिवस घरात सगळ्यांना वाईट वाटत होतं. मग हळूहळू सगळ्यांची सोय व्हायला लागली. संगिता, म्हणजे योगेशची बायको, लेकराला माझ्या मांडीवर ठेवून निर्धास्त शेतात जायला लागली. योगेशचं जेवण मी वाढायला लागले. गॅसची टाकी आली की घरी कोण आहे? निलम आहे. पाहुणे आले, निलम आहे. कुणी मला बस म्हणालं नाही, पण माझ्या बसण्याभोवती घर पुन्हा पहिल्यासारखं नीट बसलं. सायकल ओसरीत उभी होती, तिच्यावर धुणं वाळत पडायला लागलं. लेकराची झबली हँडलवर, योगेशचं बनियन सीटवर. ते बनियन बघून मला जेवढा राग यायचा तेवढा कंपनीचा पण येत नव्हता.

मोबाइलवर मी तांड्यातल्या पोरांचे फॉर्म भरून द्यायला बसले, तर रेंज जायची. उंबऱ्यातच तेवढी रेंज यायची. तिथं बसलं की समोर वाट दिसायची, थेट बाभळीपर्यंत. मी तिकडं पाठ करून बसायला लागले.

मे महिना अर्धा झाला आणि शिवकन्याताईंचा फोन आला. त्या कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. "निलम, बारावीचा निकाल लागलाय. रांग पार मोंढ्याच्या गेटापर्यंत हाय. सोमवारपासून येती का सांग. न्हाईतर मला दुसरं माणूस बघावं लागंल. मी तरी किती दिस थांबू?"

"येते ताई. सोमवारी येते."

कशावरून म्हणाले मी? काही आधार नव्हता. पण न्हाई म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं, आणि मग मी जन्मभर त्या ओसरीत, बनियनाच्या शेजारी.

त्याच दिवशी पुण्याचा रिपोर्ट मोबाइलवर आला. सोबत फोटो. खाच्याच्या डब्याच्या तळाला पिवळा चिखल साचलेला, तांब्याची टोकं हिरवी-काळी पडलेली. खाली लिहिलेलं, आत बाह्य अशुद्ध पदार्थ आणि ओलावा आढळला, ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे बिघाड, दावा नामंजूर.

माझं डोकंच फिरलं. अशुद्ध पदार्थ म्हणे. अरे, वसमतचा मोंढा कधी बघितलाय का? हळदीच्या दिवसांत तिथली हवा पिवळी असते. पॉलिशचे ड्रम फिरत असतात, पोती आपटत असतात, आणि त्या धुळीत माझी सायकल दिवसभर उभी असते. माझा रुमाल पिवळा, कीबोर्ड पिवळा, संध्याकाळी शिंकले तरी पिवळं. सायकलीत हळद नाही जाणार तर काय केशर जाणार? मी फोन लावला, चार दाबलं, आणि ह्या वेळी खरंच मराठी बोलणारी बाई आली. सुनिता नाव सांगितलं.

मी सगळं सुनावलं तिला. तुमची सायकल हवेत चालते का नाही? मग आमच्याकडची हवा अशीच आहे. वसमतला सायकल विकायची तर हळद गृहीत धरून बनवायची. ती मध्ये एकदाही म्हणाली नाही की मी तुमची अडचण समजू शकते. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, मी हे फेरतपासणीला टाकते. शनिवारी मीच फोन करीन."

आणि तिनं खरंच केला. शनिवारी दुपारी. मी उंबऱ्यात बसले होते, मांडीवर लेकरू झोपलेलं, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. याडी बाजूला सुपात तूर निवडत होती.

"मॅडम, चांगली बातमी आहे," सुनिता म्हणाली. "बिघाड वातावरणातल्या धुळीमुळं झाला असेल तर तो वॉरंटीत बसतो. डबा नीट बंद होत नाही, हा आमचा दोष धरला जातो. नवीन बॅटरी आणि नवीन डबा मिळेल. नांदेडच्या डीलरकडं स्टॉक आहे, उद्याच सुद्धा मिळू शकेल. फक्त तुमचं निवेदन घ्यायचंय. मी तीन प्रश्न विचारते, हो किंवा नाही सांगा. कॉल रेकॉर्ड होतोय."

मी अशी ताठ बसले की मांडीवरचं लेकरू हललं. उद्याच. म्हणजे सोमवारी मी बाभळीपलीकडं.

"सायकल पाण्याच्या पाइपनं, जोरात फवारा मारून धुतली होती का?"

"न्हाई."

"कंपनीबाहेरच्या मेकॅनिककडून डबा उघडला होता का?"

"न्हाई."

"शेवटचा. डब्याच्या आत जो पिवळा अशुद्ध पदार्थ आढळला, तो हळदीच्या बाजारातल्या धुळीचा आहे, ग्राहकानं किंवा घरातल्या कुणी पाणी, पावडर असं काही आत टाकलेलं नाही. बरोबर?"

"बराबर," मी म्हटलं, आणि खरं तेच म्हटलं, देवाशपथ.

याडीनं सूप खाली ठेवलं. तिला घरातल्या हळदीला कुणी अशुद्ध म्हटलेलं सहन होईना. फोनकडं वाकून, समोरच्या बाईला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत, ती म्हणाली, "अशुद्ध काहून म्हणता बाई? बाजारातली हळद न्हाई ती. बाजारातल्या हळदीत काय बी मिसळत्यात. ही आमच्या घरची हाय, म्या सोता उकडून, वाळवून, कुटलेली. रोज पहाटं तांब्यातलं पाणी शिंपडून त्या खाच्यात म्याच वाहते हळद-कुंकू. एक दिस चुकवला न्हाई."

फोनमध्ये मागं दुसऱ्या बायका बोलत होत्या तेवढं ऐकू येत होतं, आपली काय मदत करू शकते, आपली काय मदत करू शकते.

मग सुनिता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, कॉल रेकॉर्ड होऊन राहिलाय."

"तर होऊ द्या की," याडी म्हणाली. "खोटं थोडीच सांगून राहिले."

मी "न्हाई न्हाई, तसं न्हाई" असं काहीतरी बोलायला लागले, पण सुनितानं मला बोलू दिलं नाही. तिनंही बिचारीनं काय करावं? "काहून बोलल्या हो त्या," एवढं तिच्या तोंडून निसटलं, आणि मग एकदम तिचा आवाज त्या गाण्यानंतरच्या बाईसारखा झाला. निवेदनानुसार दावा वॉरंटीत बसत नाही. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या अमूल्य वेळेबद्दल धन्यवाद. पाठोपाठ मेसेज आला, तारे द्या.

मी याडीला काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. लेकरू उठून रडायला लागलं तरी मी थांबले नाही. "मला घरात कुणी बसवलं सांगू का? योगेशनं न्हाई, कंपनीनं न्हाई. तू बसवलंस. तुझ्या हातानं बसवलंस." असं म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायचं तर वर हेही म्हणाले, "पायाला बी तूच काहीतरी केलं असशील."

याडी लेकराला उचलून फिरवायला लागली. फिरवता फिरवता म्हणाली, "त्या कंपनीवाल्याहिला हळद चालत न्हाई का?"

"विजेची वस्तू हाय ती याडी. पाणी घालतं का कुणी तिच्यात?"

"मला वाटलं, तिचा जीव तिथंच हाय. तू रोज सांजच्याला काढून घरात आणायची, उशाला घेऊन निजायची. म्हणलं, जीवच हाय हिचा. त्या खाच्यात हळद लावली तर तुला बराबर माघारी आणंल." ती थांबली. "त्या बाभळीपल्याड तू दिसत न्हाईस, बाई. दिसंनाशी झालीस का मंग म्या काय करावं? मला दुसरं काय येतंय?"

माझा राग गेला नाही, तेही सांगते. तिच्यावर चिडायला जागा उरली नव्हती आणि चीड तर सगळी तशीच होती, ती घेऊन मी रविवारभर घरात फिरत होते. नवी बॅटरी विकत घ्यावी तर सायकलीचेच हप्ते अजून फिटायचे होते. संध्याकाळी योगेशला विचारलं, सोमवारी सोडशील का? तो म्हणाला, "एक दिस सोडीन ताई. रोज कसं जमंल? आणि आता जाऊन करतीस काय? लेकराला तुझी सवय झालीय." प्रेमानंच म्हणाला.

सोमवारी सकाळी मी बाहेर आले तर ओसरीतल्या सायकलीवर एकही कपडा नव्हता. पुसून लख्ख केलेली होती. हँडलवर बोट नव्हतं, फूल नव्हतं. याडी लुगड्याचा पदर खोचून सायकलीमागं उभी होती.

"बस," ती म्हणाली.

"कुठं?"

"फाट्यावर. तिथून जीप हाय की."

"याडी, तीन किलोमीटर हाय."

"मला म्हाईत हाय किती हाय. तू जल्मायच्या आधीपसून चालून राहिले म्या त्या वाटेनं. बस म्हणते ना."

मी बसले. योगेशनं सोडलं असतं ते एकाच दिवसापुरतं; दुसरं करण्यासारखं काय होतं माझ्याजवळ? उजवा पाय पायडलवर, डावा सोडलेला, हँडल माझ्या हातात आणि मागून याडी ढकलतेय. तांड्यातली माणसं दारात येऊन बघत होती. वसरामकाका म्हणाले, "रुख्मिणीबाई, लेकीची वरात कुठं निघाली?" याडी म्हणाली, "ऑफिसला." आणि थांबली नाही.

मुरमाची वाट संपून वाळूची आली तेव्हा चाक रुतायला लागलं. मी म्हटलं, थांब, दम खा. ती म्हणाली, थांबलं का पुन्ना जोर लागतो. ती अजून जुन्या पद्धतीच्या दंडापर्यंतच्या बांगड्या, बलिया, घालते, त्या प्रत्येक ढकलण्याबरोबर वाजत होत्या, आणि मध्ये मध्ये तिचा श्वास. मला वाटलं उतरावं आणि रांगत जावं, पण हा आवाज ऐकू नये.

बाभूळ आली. वळण गेलं. इथून पुढं माझा रस्ता होता, जिथं मला कुणी बघत नसे, जिथं मी बेसूर गायची. ओढणी आपोआप गळ्याकडं सरकवायला हात गेला आणि मी तो परत हँडलवर ठेवला. याडीचा श्वास माझ्या मानेला लागत होता. ती पहिल्यांदाच ह्या वळणापलीकडं माझ्याबरोबर आली होती, आणि इकडं तिकडं बघत म्हणाली, "हितून पुढं तर सरळच वाट हाय. तरी म्या रोज काय काय मनात आणायची."

फाट्यावर तिनं सायकल लिंबाच्या सावलीत लावली आणि घाम पुसला. मग कमरेच्या पिशवीतून हळद-कुंकवाची पुडी काढली, माझ्याकडं बघितलं, आणि गुपचूप पुन्हा पिशवीत घालायला लागली.

"लाव की," मी म्हटलं. "माझी काय वॉरंटी जाणार हाय का?"

ती हसली. माझ्या कपाळाला तिनं बोट लावलं आणि उरलेली हळद पदराला पुसली.

"आता घरी जा तू," मी म्हटलं.

"घरी कशाला? जायचं अन् सांजच्याला पुन्ना तितकंच चालत यायचं? हितंच बसते म्या लिंबाखाली. तू सावकाश ये. माझी फिकीर करू नको."

"दिवसभर?"

"तू बी तर महिनाभर बसलीस."

जीप आली. ड्रायव्हरनं हात देऊन मला वर घेतलं. मागं बघितलं तर ती त्या बंद सायकलीला टेकून बसली होती, एक हात चाकावर ठेवून, कुणी ती पळवून नेईल असं वाटून. उद्या परत येईल. परवा येईल. ती साठीची आहे, आणि मला माहीत आहे, ती एक दिवस चुकवणार नाही.

मला कुणाची वाट बघत बसावं लागू नये, एवढ्यासाठी मी ती सायकल घेतली होती, आणि आता माझी वाट बघत याडी फाट्यावर बसली होती. रांग मोंढ्याच्या गेटापर्यंत होती. शिवकन्याताई मला बघून म्हणाल्या, "आलीस बाई, बरं झालं." मी कीबोर्डवरची हळद पुसली, पहिल्या पोराचा फॉर्म उघडला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.